बर्फाची वाट पाहणारा मुलूख
(गुलमर्ग व काश्मीर खोऱ्यांतील शरद्ऋतु)

आपल्याकडे रोहिणी सरत आल्या कीं शेतकऱ्याचे डोळे मृगाकडे लागतात. औतें दुरुस्त करून ठेविलेलीं असतात, बी-बियाणें घरांत आलेलें असतें, आणि आभाळ मात्र आपल्या मर्जीनें वागत असतें. या वाट पाहण्याची आम्हांस इतकी संवय झाली आहे कीं, दुसऱ्या एखाद्या मुलखांत निराळ्याच वस्तूची अशीच वाट पाहिली जात असेल, हें सहसा ध्यानांत येत नाहीं. काश्मीर खोऱ्यांत ही वाट आश्विनापासून पौषापर्यंत पाहिली जाते, आणि ती पावसाची नसून बर्फाची असते.

खोऱ्याच्या नैर्ऋत्य बाजूस पीर पंजाल नांवाची पर्वतांची रांग आहे. तिच्या उतारावर, श्रीनगरपासून सुमारें ५० किलोमीटरवर, बारामुल्ला जिल्ह्यांत गुलमर्ग हें ठिकाण आहे. नांवाचा अर्थ फुलांचें कुरण. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारें २,६५० मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहून तें सुमारें एक हजार मीटर उंच आहे. त्याच्या माथ्यावरील अफरवट शिखर तर सुमारें ४,२०० मीटरांचें आहे. हिंवाळ्यांत या उतारांवर बर्फाचा जाड थर बसतो, आणि दोन लांब चपट्या पट्ट्या पायांस बांधून त्यावरून वेगानें घसरत खालीं येण्याचा स्कीइंग नांवाचा खेळ येथें चालतो. इंग्रजांच्या अमदानींत, १९२७ सालीं, या खेळाचा क्लब येथें निघाला. पुढें १९९८ सालीं गुलमर्गपासून कोंगडोरीपर्यंत, आणि २००५ सालीं तेथून अफरवटच्या खांद्यापर्यंत, तारेवरून चालणारे पाळणे सुरू झाले. तेव्हांपासून देशोदेशींचे लोक येथें येतात. खेळाचा हंगाम साधारणतः डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेर किंवा एप्रिलपर्यंत असतो.

शेतकऱ्यास या खेळाशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. कर्तव्य इतकेंच कीं, ज्या बर्फावरून प्रवासी घसरतो तोच बर्फ पुढें वितळून ज्येष्ठांत भाताच्या खाचरांत उतरतो. हॉटेलवाला, घोडेवाला, सफरचंदाचा बागाईतदार आणि भात लावणारा कुळवाडी हे सर्व एकाच आभाळाकडे पाहतात. मात्र प्रत्येकास तो बर्फ निरनिराळ्या वेळीं हवा असतो, आणि खरी अडचण तेथेंच आहे.

ज्याचें आयुष्य महसुलाच्या कारकुनींत गेलें त्यास प्रत्येक मुलखाचें वर्ष कोठून सुरू होतें हें पाहण्याची खोड असते. आमचें महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतें, कारण तें पावसाच्या हिशेबानें बांधलेलें आहे. काश्मिरी मनुष्य वर्षाचे सहा ऋतु मानतो. त्यांपैकीं सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतच्या ऋतूस तो हरूद म्हणतो, पुढील दोन महिन्यांस वंद, आणि त्यापुढील दोहोंस शिशुर. हरूद म्हणजे आपला शरद्. पीक घरांत येण्याचा आणि थंडीची तयारी करण्याचा हा काळ. १८८९ ते १८९५ या वर्षांत वॉल्टर लॉरेन्स नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें काश्मीरची जमाबंदी केली व १८९५ सालीं त्या खोऱ्याविषयीं मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत भात, केशर, फळबागा यांचें वर्णन आहे. जमाबंदीचा मनुष्य कोणत्याही देशाचा असो, तो आधीं पिकाचा महिना विचारतो, हें पाहून मौज वाटते.

डोंगरावर हरूद खालून वर चढत नाहीं, वरून खालीं उतरतो. उंची एक हजार मीटरांनीं वाढली कीं हवा सुमारें सहा अंशांनीं थंड होते. श्रीनगर सुमारें १,५८५ मीटरांवर, गुलमर्ग त्याहून हजार मीटर वर, आणि अफरवटचा माथा त्याहून दीड हजार मीटर वर. म्हणजे खालीं सदरा पुरत असतां माथ्यावर पाणी गोठत असतें. सप्टेंबर-ऑक्टोबरांत एके दिवशीं सकाळीं अफरवटचा कडा पांढरा झालेला दिसतो. तो पहिला बर्फ बहुधा टिकत नाहीं, दोन दिवसांच्या उन्हांत निघून जातो. परंतु खालच्या गांवांस तेवढी सूचना पुरते. कुरणांतील गवत करडें पडूं लागतें. सर्वांत वरच्या हद्दीवर भूर्जवृक्ष असतात, त्यांचीं पानें प्रथम पिवळीं होतात. त्यानंतर तो पिवळेपणा ओढ्यांच्या कांठानें खालीं उतरत जातो, आणि नोव्हेंबराच्या आरंभीं खोऱ्यांतील चिनार तांबडे होतात.

पान पिवळें होतें तें मरतें म्हणून नव्हे. झाड आपली जिंदगी आवरतें म्हणून. पानांतील हिरवें द्रव्य मोडून त्यांतील नत्र व इतर उपयुक्त अंश झाड फांदींत, खोडांत व मुळांत परत ओढून घेतें. हिरवें द्रव्य नाहींसें झालें कीं आधींपासून आंत असलेला पिवळा रंग उघडा पडतो. कांहीं झाडांत शेवटीं तांबडा रंग नव्यानेंही तयार होतो. मग देंठाच्या बुडाशीं एक पातळ पडदा धरतो, आणि पान आपल्या भारानेंच सुटतें. झाडाच्या दृष्टीनें हा हिशेब चोख आहे. पान राहिलें तर त्यांतून पाणी उडत राहील, आणि जमीन गोठल्यावर मुळांस तें पाणी भरून देतां येणार नाहीं.

आपल्याकडील बागाईतदारास ही गोष्ट समजावयास अवघड नाहीं. विदर्भांतील संत्र्याचा आंबे बहार धरतांना डिसेंबर-जानेवारींत पाणी तोडून झाडास ताण देतात; झाड विश्रांति घेतें व नंतर पाणी मिळतांच फुलतें. नाशिककडील द्राक्षाच्या वेलीस पुरेशी थंडी मिळत नाहीं, म्हणून ऑक्टोबरांत छाटणी करून तिला जागें करावें लागतें. आपण जें काम पाणी तोडून व कात्रीनें करितों, तेंच काश्मीरांत थंडी करिते. फरक इतका कीं आपला ताण आपल्या हातीं असतो, त्यांचा नाहीं. काश्मिरी डेलिशस जातीच्या सफरचंदास हिंवाळ्यांत सात अंशांखालील थंडीचे सुमारें एक हजार ते बाराशें तास मिळावे लागतात. तितके मिळाले नाहींत तर वसंतांत डोळे मागेंपुढें फुटतात, फूल विरळ येतें, फळधारणा बिघडते. आपल्याकडे हल्लीं सफरचंदाचीं रोपें विकावयास येतात; तीं कमी थंडींत फळणाऱ्या निराळ्या जातींचीं असतात. रोप घेण्यापूर्वीं विकणाऱ्यास जातीचें नांव व थंडीच्या तासांचा हिशेब विचारावा. जो सांगूं शकत नाहीं त्याचें रोप घेऊं नये.

गुलमर्गच्या भोंवतालीं मात्र पान न गाळणाऱ्या झाडांचें दाट रान आहे. त्यांत फर व कैल नांवाचा पाइन हीं मुख्य. तीं हिंवाळ्यास दुसऱ्या रीतीनें तोंड देतात. त्यांचीं पानें सुईसारखीं बारीक, वरून मेणचट असतात, त्यामुळें पाणी फार थोडें उडतें. फरचें झाड शंकूच्या आकाराचें, आणि त्याच्या फांद्या लवचिक. बर्फाचा भार फार झाला कीं फांदी वांकते व भार घसरून पडतो. याहून सूक्ष्म तयारी पेशींत चालते. थंडी हळूहळू वाढत गेली तर पेशींतील साखर वाढते, पाणी पेशींच्या बाहेरील पोकळींत जातें, व तेथेंच गोठतें. पेशी फुटत नाहीं. यास कांहीं आठवडे लागतात. हीच थंडी एका रात्रींत आली तर तेंच झाड करपतें.

पशुपक्ष्यांची हालचाल याच सुमारास सुरू होते. उन्हाळ्यांत वरच्या कुरणांवर गुज्जर आपल्या म्हशी घेऊन व बकरवाल शेळ्या-मेंढ्या घेऊन राहिलेले असतात. खोऱ्यांतील गांवकऱ्यांच्या मेंढ्या चोपान नांवाचे मेंढपाळ वर नेतात. गवत करडें पडूं लागलें कीं हे सर्व खालीं निघतात. चोपान मेंढ्या ज्याच्या त्याच्या घरीं पोहोंचवितो. बकरवाल घाट ओलांडून राजौरी, पूंछ व जम्मूकडील उबदार टेकड्यांत जातात. आपले धनगर पावसाळ्याच्या हिशेबानें देश व कोंकण यांमध्यें जशी फेरी करितात, तशीच ही फेरी. येथें मात्र पर्जन्याऐवजीं बर्फ हुकूम सोडतो. अफरवटच्या खडकांतील मार्मोट नांवाचा ससाएवढा, किंबहुना त्याहून मोठा प्राणी अंगावर चरबी चढवून बिळाचें तोंड बुजवितो व कित्येक महिने झोंपीं जातो. काळें अस्वलही याच लगबगींत असतें; अक्रोड, मका, सफरचंद जें मिळेल तें खाऊन तें अंग भरून घेतें. म्हणून हरूदांत रानालगतच्या बागांत मनुष्य व अस्वल यांची गांठ पडते, आणि तींत कित्येक मनुष्यें जायबंदी होतात. उलट खालच्या होकरसर व वुलर सरोवरांवर या दिवसांत मध्य आशिया व सैबेरियाकडून बदकें व हंसजातीचे पक्षी येऊन उतरतात. आपल्या नांदूर मध्यमेश्वरावर व जायकवाडीवर येणाऱ्या पाहुण्यांपैकीं कांहींचीं भाईबंदें तेथें असतात.

शेतांत या वेळीं उसंत नसते. सप्टेंबरांत अक्रोड झोडपून पाडतात. सप्टेंबरअखेर व ऑक्टोबरांत भाताची कापणी होते, आणि खाचर रिकामें होतांच त्यांत मोहरी पेरतात. ही मोहरी लहान रोप असतांनाच बर्फाखालीं जाते. नवख्यास वाटेल कीं ती मेली. परंतु ताज्या बर्फांत नऊ हिस्से हवा असते, व तो रजईप्रमाणें काम करितो. वर हवा शून्याखालीं दहा अंशांवर गेली तरी जाड थराखालीं जमीन शून्याच्या आसपासच राहते. मार्चअखेर तेंच रोप वर येऊन फुलतें. बर्फ पडलाच नाहीं व नुसती कोरडी थंडी पडली तर मात्र रोप उघडें पडतें. बर्फाचा अभाव म्हणजे केवळ पाण्याचा अभाव नव्हे, पांघरुणाचाही अभाव होय.

पांपोरच्या उंच सपाट जमिनींवर, ज्यांस करेवा म्हणतात, ऑक्टोबरच्या अखेरीस केशर फुलतें. सर्व झाडें मिटत असतां हें एकटें उघडतें. जमिनीतील गड्ड्यांतून जांभळें फूल वर येतें. तें सकाळींच वेंचून त्यांतील तीन तांबडे तंतू काढावे लागतात. सुमारें दीड लाख फुलांचें मिळून एक किलो केशर होतें. फूल संपल्यावर पातीं वाढत राहतात, बर्फाखालीं हिंवाळा काढतात, आणि पुढील वर्षाचे गड्डे पोसतात. फुलापूर्वींच्या महिन्यांत पाऊस झाला नाहीं तर फूल कमी येतें, म्हणून केशरवाला बर्फाच्या आधीं पावसाचीही वाट पाहतो.

घरांतील बायकांची तयारी निराळी. टोमॅटो, वांगीं, दुध्या भोंपळा यांच्या फोडी करून उन्हांत वाळवितात. पूर्वीं रस्ते बंद पडत तेव्हां याच भाजीवर हिंवाळा निघे. चिनाराचीं गळलेलीं पानें झाडून, जाळून, वर पाणी शिंपडून त्यांचा कोळसा करितात, तो कांगडीसाठीं. कांगडी म्हणजे वेताच्या विणकामांत बसविलेली मातीची लहान शेगडी, जी अंगरख्याच्या आंत धरितात. झाडाचें पान शेवटीं असें उपयोगीं येतें.

आतां मुख्य गोष्टीकडे येऊं. सफरचंदाची तोडणी ऑगस्टपासून सुरू होते. उशिरा येणाऱ्या जातींचीं फळें नोव्हेंबरांतही झाडावर असतात. रानांतील पुष्कळ झाडें दिवस लहान होत चालला या खुणेवरून पान गाळण्याची तयारी करितात. ही खूण कधीं चुकत नाहीं. सफरचंदाचें झाड मात्र मुख्यतः थंडीवर जातें. शरद् उबदार राहिला तर पान झाडावर रेंगाळतें. अशा वेळीं बर्फ आला म्हणजे काय होतें, हें २०१८ च्या नोव्हेंबरांत दिसलें. ३ नोव्हेंबरास खोऱ्यांत जोराचा बर्फ पडला. बागांत पानें होतीं, कित्येक ठिकाणीं फळेंही होतीं. उघड्या फांदीवरून बर्फ घरंगळतो. पानांनीं भरलेल्या फांदीवर तो सांचतो. त्यांतून नोव्हेंबरच्या आरंभींचा बर्फ ओला असतो. कोरडा ताजा बर्फ घनमीटरास सुमारें शंभर किलो भरतो. ओला त्याच्या दुपटी-तिपटीनें. वीस-पंचवीस वर्षांचीं झाडें दुबेळक्यांतून उभीं चिरलीं. दुसऱ्याच वर्षीं, ७ नोव्हेंबर २०१९ रोजीं, पुन्हां तेंच झालें. फळ गेलें तर एका वर्षाचें नुकसान होतें. चिरलेलें झाड मात्र नव्यानें लावून फळावर आणावयास पुष्कळ वर्षें जातात.

यावर तेथील बागाईतदार जे उपाय करितात ते साधे आहेत. बर्फ पडत असतांनाच लांब काठीनें फांद्या हलवून भार झटकावयाचा; पडून गेल्यावर थांबावयाचें नाहीं, कारण रात्रीं तो गोठून फांदीस चिकटतो. चिरलेली फांदी तोडण्याची घाई न करितां, साल जुळत असेल तर दोरीनें आवळून किंवा आरपार बोल्ट घालून जोडावयाची व जखमेस लेप द्यावयाचा. झाड लहान असतांनाच दुबेळक्याचा कोन रुंद ठेवून वळण द्यावयाचें. अरुंद बेळकें प्रथम फाटतें. हा शेवटचा उपाय आपल्या आंबा-पेरूच्या बागांसही लागू आहे, वादळांत याचा अनुभव येतो.

म्हणजे बर्फ लौकर आला तर बाग मोडते. आणि उशिरा आला तर? हा बर्फ मोसमी वाऱ्यांचा नव्हे. भूमध्यसमुद्राकडे उठणारे व पश्चिमेकडून उंच वाऱ्यांबरोबर येणारे जे विक्षोभ, त्यांच्यापासून तो पडतो. हेच विक्षोभ पुढें गेल्यावर उत्तरेची थंड हवा खालीं उतरते व निफाडचा पारा घसरतो, हें द्राक्षवाल्यांस ठाऊक आहे. २१ डिसेंबरास काश्मीरांत चिल्लई कलान, म्हणजे मोठा चाळिसा, लागतो. त्यानंतर वीस दिवसांचा चिल्लई खुर्द व दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. या सत्तर दिवसांपैकीं पहिल्या चाळिसांतील बर्फाची किंमत सर्वांत अधिक. तेव्हां थंडी इतकी असते कीं पडलेला बर्फ वितळत नाहीं. थरावर थर बसून घट्ट होतो, व उन्हाळ्यापर्यंत सावकाश पाझरतो. तो आपल्या पाझर तलावासारखा आहे. मार्चांत पडलेला बर्फही बर्फच. परंतु तो आठवड्यांत वितळून ओढ्यांतून वाहून जातो, आणि पेवांत कांहीं राहत नाहीं.

२०२४ च्या जानेवारींत चिल्लई कलानाचा बहुतेक काळ कोरडा गेला. गुलमर्गच्या उतारांवर पांढऱ्याऐवजीं तपकिरी गवत दिसत होतें. प्रवाशांनीं ठरविलेले बेत मोडले. अखेर जानेवारी सरतां सरतां बर्फ पडला, म्हणून फेब्रुवारींतील खेलो इंडियाचे हिंवाळी सामने पार पडले. २०२५ सालीं फेब्रुवारींतही बर्फ पुरेसा नव्हता, आणि तेच सामने पुढें ढकलून ९ ते १२ मार्चला घ्यावे लागले. सामने पुढें ढकलतां येतात. परंतु त्याच फेब्रुवारींत अनंतनाग जिल्ह्यांतील अच्छाबलचा प्रसिद्ध झरा आटला. मोंगलांच्या बागेस पाणी देणारा तो झरा गांवांसही पाणी देत होता. झऱ्याचें पाणी म्हणजे डोंगरांत मुरलेला बर्फ. वर भर पडली नाहीं कीं खालीं धार तुटते.

ज्या २०१८ च्या नोव्हेंबरांत बर्फ लौकर पडून बागा मोडल्या, त्या वर्षाचा आरंभ नेमका उलट झाला होता. मागील हिंवाळा कोरडा गेला होता, आणि एप्रिलांत पाटबंधारे खात्यानें उत्तर काश्मीरांतील, म्हणजे बारामुल्लाकडील शेतकऱ्यांस, यंदा कालव्यास पाणी पुरणार नाहीं, तरी भाताऐवजीं मका किंवा कडधान्य यांसारखें थोड्या पाण्याचें पीक घ्यावें, अशी सूचना दिली. एकाच वर्षांत एकाच जिल्ह्यानें बर्फाचा अभाव व बर्फाची घाई हीं दोन्ही सोसलीं. भाताचें रोप टाकावयाचें तें एप्रिल-मेमध्यें आणि लावणी मेअखेर ते जूनमध्यें. म्हणून तेथील जाणता शेतकरी चिल्लई बच्चा संपल्यावर रोज अफरवटकडे पाहतो, आणि पांढरी रेघ किती खालपर्यंत उरली आहे यावरून यंदा किती खाचरांत भात धरावयाचें व किती कोरडवाहू ठेवावयाचें, हें मनाशीं ठरवितो.